पंचगंगा खोऱ्यासाठी उपग्रहाचा पाऊस: अचूकता तपासायची कशी आणि कोणत्या कामासाठी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: शिरोळ तालुक्यातील काही पाणीवापर संस्थांसाठी आपण हंगामी पाणी नियोजन करता. पश्चिमेकडील घाटभागात पर्जन्यमापक केंद्रे विरळ आहेत आणि त्यांच्या नोंदी वेळेवर हाती येत नाहीत, म्हणून उपग्रहाद्वारे मिळणारी पावसाची मोफत आकडेवारी वापरण्याचा विचार आहे. कोल्हापूर शहरातील केंद्राच्या दैनंदिन नोंदींशी ती ताडून पाहिल्यावर सहसंबंध, म्हणजे दोन्ही आकडे एकत्र वर-खाली होण्याचे प्रमाण, चांगला आला. तेवढ्यावरून ती विश्वासार्ह मानावी का?

तेवढ्यावरून मानू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण केलेली तुलना चुकीची नाही, पण ती चुकीच्या जागी केलेली आहे. कोल्हापूर शहरावर पडणाऱ्या पावसाचा राधानगरी, तुळशी, कासारी किंवा कुंभी या पंचगंगा खोऱ्यातील धरणांच्या साठ्याशी जवळजवळ काहीच संबंध नसतो, आणि शिरोळच्या शेताला मिळणारे पाणी याच धरणांतून, शिवाय कृष्णा-वारणेतून येते. अचूकता हा उपग्रहाच्या आकडेवारीचा सर्वत्र सारखा असणारा गुण नाही. ती जागेगणिक, कालावधीगणिक आणि हंगामाच्या टप्प्यागणिक बदलते. म्हणून आपल्याला हवी ती अचूकता कोणत्या ठिकाणची, किती दिवसांच्या पावसाची आणि कोणत्या निर्णयासाठीची, हे आधी ठरवावे लागते. ते ठरल्यावर तपासणीची पद्धत बरीचशी आपोआप ठरते.

आपल्या जिल्ह्याची अडचण अशी की गगनबावडा ते शिरोळ हे सरळ रेषेतील अंतर जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे, आणि एवढ्यात वार्षिक पाऊस ५,००० मिलिमीटरच्या आसपासून पाचशे-सहाशे मिलिमीटरपर्यंत खाली येतो. आयमर्ग या नासाच्या, सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या उपग्रह-पावसाच्या आकडेवारीची चौकट, म्हणजे पावसाचा एकच आकडा मिळणारा नकाशावरील चौकोन, ०.१ अंशाची, म्हणजे आपल्या अक्षांशावर साधारण अकरा किलोमीटर बाजूची असते. याचा अर्थ, पावसातील हा दहापट उतार पूर्व-पश्चिम मोजून आठेक चौकटींत बसवला जातो. त्यातही गगनबावड्याची चौकट नकाशावर उघडून पाहावी. तिचा काही भाग सह्याद्रीच्या माथ्यावर आहे, तर काही भाग करूळ आणि भुईबावडा घाटाखाली कोकणात उतरतो. कडा, माथा आणि पायथा यांवरचा पाऊस अगदी वेगवेगळा असतो, पण उपग्रहाची आकडेवारी त्या सर्वांसाठी एकच सरासरी आकडा देते. पर्जन्यमापकाचे तोंड २०० चौरस सेंटीमीटरचे आणि चौकटीचे क्षेत्रफळ ११५ चौरस किलोमीटरहून अधिक, हे लक्षात घेतले म्हणजे दोहोंतील फरकाचा काही भाग ही उपग्रहाची चूकच नव्हे, हेही मान्य करावे लागते. सपाट प्रदेशात आणि महिन्याच्या बेरजेत हा भाग लहान असतो, तर घाटमाथ्यावर आणि एका दिवसाच्या पावसात तो फार मोठा असतो.

आता उपग्रह पाऊस मोजतो म्हणजे नेमके काय करतो, हे थोडे सविस्तर सांगतो, कारण घाटातील त्रुटीचे कारण त्यातच आहे. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील भूस्थिर उपग्रह, म्हणजे आपल्याकडे इन्सॅट-३डी (२०१३), ३डीआर (२०१६) आणि ३डीएस (२०२४), अवरक्त किरणांच्या साहाय्याने ढगांच्या माथ्याचे तापमान पाहतात. माथा जितका थंड, तितका ढग उंच आणि तितका पाऊस जास्त, असे गृहीत धरलेले असते. वळवाच्या गडगडाटी पावसात हे गृहीतक बऱ्यापैकी टिकते. जुलैतील घाटाच्या पावसात मात्र ते कोलमडते. समुद्रावरून आलेला दमट वारा कड्यावर चढताना जे ढग तयार होतात, ते पुष्कळदा उथळ असतात आणि त्यांचा माथा फारसा थंड नसतो. त्यांतील थेंब बर्फाच्या टप्प्यातून न जाताच मोठे होतात आणि तासन्‌तास कोसळत राहतात. अवरक्त प्रतिमेत असा ढग साधारणच दिसतो, आणि त्याच वेळी त्याच्या खाली दाजीपूर-राधानगरी परिसरात अतिवृष्टी चाललेली असते.

सूक्ष्मलहरींवर चालणारी उपकरणे ढगाच्या आत पाहतात, म्हणून ती अधिक भरवशाची आहेत. परंतु जमिनीवर त्यांनाही मर्यादा येते: ओल्या जमिनीकडून येणाऱ्या लहरींची पार्श्वभूमी बदलती असल्याने पाण्याच्या थेंबांची खूण त्यात मिसळून जाते आणि ढगातील बर्फामुळे होणाऱ्या विकिरणावरच मुख्य भिस्त ठेवावी लागते. बर्फच नसेल, तर पाऊस कमी दिसतो. २७ फेब्रुवारी २०१४ रोजी नासा आणि जपानच्या जाक्सा या संस्थांनी सोडलेल्या जीपीएम उपग्रहावर दोन वारंवारतांचा पर्जन्य-रडार आहे. तो थेंबांचे थर खरोखर मोजतो, पण डोंगराळ भागात जमिनीलगतच्या एक-दोन किलोमीटरमधील प्रतिध्वनी जमिनीच्या प्रतिध्वनीत हरवतो, आणि घाटातील थेंब वाढतात ते नेमके त्याच थरात. शिवाय अशा उपग्रहांची एका ठिकाणावरून फेरी सरासरी काही तासांनी होते. मधल्या अर्ध्या-अर्ध्या तासांचे आकडे ढगांच्या हालचालीवरून आणि अवरक्त प्रतिमांवरून भरून काढलेले असतात.

या सर्वांचा परिणाम एकाच दिशेने होतो. घाटमाथ्यावर उपग्रहाचा पाऊस प्रत्यक्षापेक्षा कमी, कित्येकदा फारच कमी येतो. उलट घाटाच्या पूर्वेला, पर्जन्यछायेत, वरच्या थरात पसरलेले थंड ढग दिसतात, पण त्यांतून जमिनीवर फारसे काही पडत नाही. तेथे नसलेला पाऊस दाखवला जाण्याकडे कल असतो. कोल्हापूर शहर या दोन प्रदेशांच्या मध्ये येते. या दोन विरुद्ध त्रुटींमध्ये येणारे ठिकाण निवडून तपासणी केली, तर दोन्ही त्रुटी झाकल्या जातात. त्यामुळे जिल्ह्याची एकच सरासरी त्रुटी काढणे हे मी सर्वांत दिशाभूल करणारे गणित मानतो. किमान तीन पट्टे स्वतंत्र ठेवावेत: कड्यालगतचा पट्टा, करवीर-पन्हाळ्यासारखा मधला पट्टा, आणि हातकणंगले-शिरोळचा पूर्व पट्टा.

आकडेवारी कोणती घ्यावी, हे थोडक्यात सांगतो. आयमर्ग तीन टप्प्यांत मिळते: पहिली आवृत्ती सुमारे चार तासांनी, दुसरी बारा-चौदा तासांनी, आणि पर्जन्यमापकांच्या मासिक नोंदींशी जुळवलेली अंतिम आवृत्ती साडेतीन-चार महिन्यांनी. जपानची जीएसमॅप तासातासाची आणि त्याच आकाराच्या चौकटींची आहे. चर्प्स ही आकडेवारी ०.०५ अंशाची आणि १९८१ पासूनची असल्याने दुष्काळाच्या अभ्यासाला सोयीची आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अंतिम आवृत्तीची अचूकता तपासायची आणि निर्णय मात्र चार तासांच्या आवृत्तीवर घ्यायचे, असे अनेक अहवालांत होते. ज्या आवृत्तीवर आपला निर्णय उभा राहणार आहे, तीच तपासली पाहिजे. तसेच एकाच मालिकेत जुन्या आणि नव्या गणितपद्धतीने काढलेले आकडे मिसळू नयेत. गणिताची पद्धत बदलली की त्रुटीचे स्वरूपही बदलते.

तुलना सुरू करण्यापूर्वी वेळेचा हिशेब जुळवावा लागतो. आपल्याकडील दिवसाचा पाऊस म्हणजे काल सकाळी साडेआठपासून आज सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस, आणि तो आजच्या तारखेला लिहिला जातो. उपग्रहाचा दिवस जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्री, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. तयार दैनंदिन फाइल उतरवून तारखेला तारीख लावली, तर दोन्ही दिवसांचा बराचसा भाग जुळतच नाही, आणि मग रोजची त्रुटी फुगून येते. यावर उपाय एकच: अर्ध्या तासाचे आकडे घेऊन जागतिक वेळेच्या तीनपासून दुसऱ्या दिवशीच्या तीनपर्यंतच्या अठ्ठेचाळीस नोंदींची बेरीज करावी. हे करताना अर्ध्या तासाच्या फाइलमधील आकडा मिलिमीटर प्रतितास असा असतो, म्हणून प्रत्येक नोंदीला ०.५ ने गुणावे लागते. हे राहून गेले तर पाऊस दुप्पट होतो. आणि घाटात उपग्रह कमी दाखवतच असल्याने तो दुप्पट आकडा तेथे नेमका खरा वाटू लागतो. म्हणून उत्तर जुळले की गणित बरोबर, असे घाटाच्या बाबतीत कधीही धरू नये.

यानंतर ज्याच्याशी तुलना करायची, त्या पर्जन्यमापकाकडेही तितक्याच काटेकोरपणे पाहावे लागते. साध्या पर्जन्यमापकाचे एक उदाहरण घेऊ. २०० चौरस सेंटीमीटरच्या नरसाळ्याखाली चार लिटरची बाटली असेल, तर ती बरोबर २०० मिलिमीटर पावसाला भरते. त्यापुढचे पाणी बाहेरच्या डब्यात सांडते आणि तेही मोजून नोंदीत मिळवायचे असते. आता अशा रात्रीचा विचार करा की गगनबावड्यात पाऊस दोनशेच्या वर गेला आहे, सकाळी साडेआठलाही तो थांबलेला नाही, आणि मोजणारा माणूस छत्री सावरत मोजपात्रात पाणी ओततो आहे. डब्यातले पाणी मोजायचे राहिले, तर नोंदवहीत २०० लिहिले जाते. म्हणूनच घाटातील नोंदींमध्ये २०० हा आकडा किंवा त्याच्या अगदी जवळचे आकडे वारंवार दिसले, तर तेथील बाटली केवढी आहे याची चौकशी आधी करावी आणि उपग्रहाला दोष नंतर द्यावा. स्वयंचलित केंद्रांतील हिंदकळणाऱ्या पात्राचा पर्जन्यमापक तीव्र सरीत कमी मोजतो, कारण पात्र कलंडण्याच्या क्षणी येणारे पाणी मोजणीतून निसटते. नरसाळ्यात पालापाचोळा अडकला, तर पाऊस दोन-तीन दिवस झिरपत राहतो आणि नोंद सपाट दिसते. कड्यावरच्या वाऱ्याने थेंब तिरके जातात आणि नरसाळ्यात कमी पडतात, हेही आहेच.

नोंदवहीतील कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे, हे वेगळे सांगायला नको. पण संगणकात भरताना ती शून्य होते आणि मग उपग्रहाने खोटा पाऊस दाखवला, असा निष्कर्ष निघतो. शेजारच्या दोन-तीन केंद्रांच्या एकत्रित बेरजेसमोर एका केंद्राची वाढती बेरीज मांडून रेषा मोडते का, हे पाहण्याची जुनी पद्धत आजही फार उपयोगी आहे. केंद्र हलवले गेले, जवळ झाड वाढले किंवा इमारत उभी राहिली, की ती रेषा मोडते. या चाळणीतून न गेलेल्या केंद्रावर मी उपग्रहाची परीक्षा घेणार नाही.

केंद्र निवडताना स्वतंत्रतेचा प्रश्नही येतो. आयमर्गची अंतिम आवृत्ती आणि चर्प्स या दोहोंमध्ये जमिनीवरील केंद्रांच्या नोंदी आधीच मिसळलेल्या असतात. हवामान विभागाच्या ज्या प्रमुख केंद्रांची माहिती आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीत जाते, त्यांच्याशीच तुलना केली, तर आपण आकडेवारीची तुलना तिच्या स्वतःच्याच एका घटकाशी करत असतो. आपल्या जिल्ह्यात सुदैवाने दुसरे स्रोत आहेत: धरणस्थळांवरील जलसंपदा विभागाची केंद्रे, महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे, आणि अनेक साखर कारखान्यांकडील नोंदी. त्यांची प्रत सारखी नाही, पण योग्य चाळणीनंतर खरी परीक्षा याच केंद्रांवर होऊ शकते.

आता निकषांकडे येतो. सहसंबंधाचा गुणांक हा सर्वांत लोकप्रिय आणि पाणी नियोजनासाठी सर्वांत कमी सांगणारा निकष आहे. उपग्रहाने रोज प्रत्यक्षाच्या निम्माच पाऊस दाखवला, तरी सहसंबंध पूर्ण १ येऊ शकतो. शिवाय वर्षभराचे दिवस एकत्र घेतले, तर कोरडे महिने आणि पावसाळा यांतील ढोबळ फरकच गुणांक वर नेतो, आणि त्यात उपग्रहाचे कौशल्य काहीच नसते. म्हणून सहसंबंध काढायचाच असेल तर फक्त जून ते सप्टेंबरमधील दिवसांवर, आणि शक्यतो प्रत्येक महिन्यासाठी वेगळा काढावा.

पाऊस पडला की नाही, हे उपग्रहाने किती वेळा बरोबर ओळखले आणि खोटा इशारा किती वेळा दिला, हे निकषही पट्ट्यानुसार वाचावेत. हवामान विभागाच्या व्याख्येनुसार २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला की तो पावसाचा दिवस. गगनबावड्यात जुलैत जवळपास प्रत्येक दिवस पावसाचा असतो, त्यामुळे रोज पाऊस आहे असे सरसकट म्हटले तरी ओळखीचे प्रमाण शंभराजवळ जाते. त्या आकड्याला तेथे अर्थ नाही. तेथे मर्यादा वर न्यावी: ६४.५ मिलिमीटरपासूनचा जोरदार पाऊस, ११५.६ पासूनचा अतिजोरदार आणि २०४.५ पासूनचा अत्यंत जोरदार पाऊस या विभागाच्याच श्रेणी घेऊन प्रत्येक श्रेणीतील किती दिवस उपग्रहाला सापडले, ते मोजावे. शिरोळमध्ये मात्र २.५ मिलिमीटरची मर्यादा अगदी योग्य आहे, कारण तेथे पावसाचा खंड ओळखणे महत्त्वाचे असते; आणि उपग्रहाने दाखवलेल्या हलक्या खोट्या पावसाने तो खंड मोडला, तर पिकाला पाणी देण्याचा सल्ला चुकतो.

रोजची त्रुटी आणि कायमची त्रुटी यांत फरक करणे, हे या सगळ्यातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे. एक दिवस जास्त आणि एक दिवस कमी, अशी चूक दहा दिवसांच्या किंवा महिन्याच्या बेरजेत बरीचशी भरून निघते. रोज कमीच दाखवण्याची चूक मात्र बेरजेत साठत जाते. म्हणून तीच तुलना एक दिवस, दहा दिवस, महिना आणि संपूर्ण हंगाम अशा चार कालावधींवर करावी. कालावधी वाढवल्यावर त्रुटी झपाट्याने कमी झाली, तर ती बेरजेत विरणारी आहे. न झाल्यास ती दुरुस्त करावी लागणारी आहे. कड्यालगत आपल्याला दुसरा प्रकार दिसेल, अशी माझी अपेक्षा आहे.

इतके केल्यावरही घाटात एक प्रश्न उरतो: ज्या चौकटीत एकही पर्जन्यमापक नाही, तेथे तपासणार कशाशी? माझ्या अनुभवात याचे सर्वांत प्रामाणिक उत्तर धरणात जमा झालेले पाणीच देते. जलाशयाची पातळी, तिच्यावरून निघणारा साठा आणि धरणातून सोडलेला विसर्ग यांची रोजची नोंद असते. साठ्यातील वाढीत विसर्ग मिळवला की आवक मिळते, आणि ही आवक संपूर्ण पाणलोट क्षेत्राने गोळा केलेल्या पावसाची साक्ष असते, एका नरसाळ्याची नव्हे.

आकडे कल्पित घेतो, पण पद्धत हीच. समजा, एका धरणाचे पाणलोट क्षेत्र १५० चौरस किलोमीटर आहे आणि जुलै महिन्यात त्या क्षेत्रावर उपग्रहाने १,२०० मिलिमीटर पाऊस दाखवला. दोहोंचा गुणाकार १८ कोटी घनमीटर होतो. एक टीएमसी म्हणजे सुमारे २.८३ कोटी घनमीटर, म्हणून हे पाणी ६.३६ टीएमसी झाले. आता साठा आणि विसर्ग यांवरून काढलेली त्याच महिन्याची आवक ७.५ टीएमसी असेल, तर पडलेल्या पावसापेक्षा वाहून आलेले पाणी जास्त, असा अर्थ होतो, आणि तो अशक्य आहे. एवढी आवक येण्यासाठी, एक थेंबही मुरला किंवा बाष्पीभवनाने गेला नाही असे धरले तरी, किमान १,४१६ मिलिमीटर पाऊस पडलेला असलाच पाहिजे. म्हणजे एकही जादा पर्जन्यमापक न लावता, उपग्रह त्या महिन्यात किमान पंधरा टक्के कमी दाखवतो आहे, हे सिद्ध झाले. हा कमीत कमी आकडा आहे. मुरणारे पाणी हिशेबात घेतल्यावर तो वाढतोच.

या पद्धतीलाही पथ्ये आहेत. जूनमध्ये पहिला पाऊस कोरडी माती पिते, म्हणून ताळेबंद जमीन पूर्ण भिजल्यावर, साधारण जुलैच्या मध्यापासून मांडावा. रोजची आवक घेऊ नये, कारण पातळी वाचण्यातील लहान चूकही रोजच्या हिशेबात मोठी ठरते: जलाशयाचा पृष्ठभाग १५ चौरस किलोमीटर असेल, तर पाच सेंटीमीटरची चूक म्हणजे वरील पाणलोटावर पाच मिलिमीटर पावसाची चूक. दहा दिवसांच्या हिशेबात ती विरून जाते. गाळामुळे साठ्याचा जुना तक्ता बदलला आहे का, हे विचारावे. विसर्गाच्या नोंदीत सर्व वाटा धराव्यात. राधानगरीसारख्या ठिकाणी वीजगृहातून जाणारे पाणी आणि पातळीनुसार उघडणारे सात स्वयंचलित दरवाजे असे दोन्ही असतात. एका दरवाजातून १,४२८ क्युसेक जातात असे धरले, तर दिवसभरात ते सुमारे ०.१२ टीएमसी होतात. दरवाजा रात्री कधी उघडला आणि कधी मिटला याची वेळ नोंदीत नसेल, तर आवकेत तेवढी शंका राहते. आपली धरणांची पाणलोट क्षेत्रे लहान आहेत, मोजक्याच चौकटींत मावतात. म्हणून प्रत्येक चौकटीचा जेवढा भाग पाणलोटात येतो, तेवढेच वजन तिला द्यावे. अन्यथा कड्याखालचा कोकणातील पाऊसही आपल्या धरणात मोजला जाईल.

पावसातील चूक पाण्याच्या अंदाजात तेवढीच राहत नाही, हेही ध्यानात ठेवावे. पुन्हा कल्पित आकडे घेऊ. घाटात ५,००० मिलिमीटर पावसापैकी १,००० मिलिमीटर मुरून आणि बाष्पीभवनाने गेले, तर ४,००० वाहतात. पाऊस वीस टक्के कमी मोजला, तर वाहणारे पाणी पंचवीस टक्के कमी निघते. पूर्व पट्ट्यात ६०० मिलिमीटर पैकी ५०० जमिनीत आणि हवेत गेले, तर १०० वाहतात. तेथे पाऊस वीस टक्के जास्त मोजला की ७२० वजा ५०० म्हणजे २२०, म्हणजे वाहणारे पाणी दुपटीहून अधिक दिसते. पाझर तलाव आणि शेततळ्यांचे नियोजन पूर्व भागात होते, म्हणून तेथील लहान वाटणारी त्रुटी तपासणे मला घाटाइतकेच निकडीचे वाटते.

पुराच्या बाबतीत माझे मत कडक आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. तेथील इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट आहे. घाटातला पाऊस नदीने काही तासांत खाली आणायचा आणि उपग्रहाची पहिली आवृत्ती चार तासांनी, तीही कमी आकडा घेऊन यायची, अशा स्थितीत माणसे हलवण्याचा किंवा दरवाजांचा निर्णय केवळ तिच्यावर सोडणे धोक्याचे आहे. पणजीचा डॉपलर रडार शंभर किलोमीटरहून दूर आहे, आणि एवढ्या अंतरावर किरणशलाका बरीच उंचावरून जात असल्याने घाटातील उथळ पाऊस तिच्या खाली राहतो. त्यामुळे पुरासाठी धरणस्थळांवरील तासातासाच्या नोंदी आणि नदीवरील पाणीपातळी यांना पर्याय नाही. उपग्रहाचा उपयोग एवढाच की पावसाचा पट्टा कोठून कोठे सरकतो आहे आणि कृष्णेच्या वरच्या अंगाला, कोयना-वारणा परिसरात, एकाच वेळी जोर आहे का, हे त्यावरून दिसते. शिरोळसाठी ते महत्त्वाचे आहे, कारण नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, आणि कृष्णा फुगली की आपल्या गावात थेंबही न पडता पाणी चढते.

दुरुस्तीविषयी. दोनच केंद्रे हाती असतील, तर किचकट सांख्यिकी पद्धती वापरू नयेत. प्रत्येक पट्ट्यासाठी आणि प्रत्येक महिन्यासाठी प्रत्यक्ष पाऊस भागिले उपग्रहाचा पाऊस, हे साधे गुणोत्तर काढून त्याने आकडे गुणावेत. जूनचे गुणोत्तर जुलैला लावू नये, कारण पावसाचा प्रकारच बदललेला असतो. मात्र ज्या दिवशी उपग्रहाला पाऊस दिसलाच नाही, त्या दिवसाला कोणतेही गुणोत्तर दुरुस्त करत नाही. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. केंद्रे जास्त असतील, तर केंद्र आणि चौकट यांतील फरक अंतर व उंची पाहून आजूबाजूच्या चौकटींत पसरवण्याची पद्धत अधिक चांगली. कोणतीही दुरुस्ती केली, तरी एक केंद्र बाजूला ठेवून उरलेल्यांवर दुरुस्ती बसवावी आणि बाजूला ठेवलेल्या केंद्रावर ती तपासावी. असे प्रत्येक केंद्राबाबत आळीपाळीने करावे. वर्षांचेही तसेच. २०१९ आणि २०२१ सारख्या पुराच्या वर्षांवर बसवलेली दुरुस्ती २०१५ किंवा २०२३ सारख्या अपुऱ्या पावसाच्या वर्षात टिकते का, हे पाहिल्याशिवाय ती वापरात आणू नये.

आपल्या कामापुरते सांगायचे, तर दोन वापर मला आताच करण्याजोगे वाटतात. पहिला, वर्षांची आपापसातील तुलना. चर्प्सची १९८१ पासूनची मालिका घेऊन या हंगामातील ३१ जुलैपर्यंतचा पाऊस त्याच मालिकेतील मागील वर्षांमध्ये कितव्या क्रमांकावर येतो, हे पाहावे. कायमची त्रुटी दरवर्षी साधारण सारखी असेल, तर क्रमवारीत ती फारशी आड येत नाही. ती सारखी आहे का, हे धरणाच्या दरवर्षीच्या आवकेच्या क्रमवारीशी जुळवून पाहता येते. दुसरा वापर म्हणजे दहा-दहा दिवसांच्या दुरुस्त पावसावरून धरणाची पुढील आवक आणि त्यावरून उन्हाळी आवर्तनांचा प्राथमिक अंदाज. तो मांडताना एकच आकडा देऊ नये. बाजूला ठेवलेल्या वर्षांत आपली दुरुस्ती किती चुकली, ते पाहून खालची आणि वरची मर्यादा द्यावी, आणि उसाची नवी लागण किती क्षेत्रावर करावी यासारखा निर्णय संस्थेने खालच्या मर्यादेवर घ्यावा, असे सुचवावे.

सुरुवात करायची, तर प्रथम राधानगरी आणि तुळशी या दोनच धरणांची गेल्या दहा वर्षांतील जुलै-ऑगस्टची पातळी व विसर्गाची नोंद संबंधित उपविभागाकडे लेखी अर्जाने मागावी. अर्जात दरवाजे उघडण्या-मिटण्याच्या वेळा, वीजगृहाचा विसर्ग, साठ्याचा सध्याचा तक्ता आणि धरणस्थळावरील पर्जन्यमापकाच्या बाटलीची क्षमता, या चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात. त्या न मागता आलेल्या नोंदीवर वरचा ताळेबंद मांडता येत नाही.